फी, सुट्ट्या आणि मुलीचे वय

पूर्व आफ्रिकेतील मसाई समाज केनियाच्या दक्षिणेस मुख्यतः काजियादो आणि नारोक या दोन काउंट्यांत, आणि सीमेपलीकडे टांझानियाच्या उत्तर भागात राहतो. काउंटी म्हणजे केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने निर्माण केलेला, स्वतःचे निवडून आलेले सरकार असलेला प्रशासकीय विभाग. देशात असे ४७ विभाग आहेत. २०१९ च्या जनगणनेत केनियातील मसाईंची संख्या सुमारे ११ लाख ९० हजार भरली. माआ भाषा बोलणारा आणि गाई, शेळ्या, मेंढ्यांवर जगणारा हा समाज पर्यटनाच्या जाहिरातींमुळे जगभर ओळखीचा झालेला असल्याने त्याच्या मुलींच्या शिक्षणासाठी युरोप-अमेरिकेत पैसे गोळा करणाऱ्या लहानलहान धर्मादाय संस्थाही बऱ्याच आहेत. सफारीला जाऊन आलेले एखादे शिक्षक दांपत्य, निवृत्त परिचारिका किंवा चर्चचे मंडळ अशा संस्था सुरू करते. पगारी नोकर बहुधा नसतो, विश्वस्त चार-पाच असतात आणि गावाकडची बाजू एखादी मसाई शिक्षिका सांभाळते. पैसे जमवायचे आणि शाळेत भरायचे, एवढेच हे काम असावे असा समज सुरुवातीला सर्वांचाच असतो. थोड्याच वर्षांत ध्यानात येते की फी भरणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि खरा पेच एकमेकांशी न जुळणाऱ्या वेळापत्रकांचा आहे: शाळेची सत्रे, पावसाचे हंगाम, मुलीचे वाढते वय आणि देणगीदाराचा उत्साह यांपैकी कोणतेच दुसऱ्यासाठी थांबत नाही.

केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून आणि माध्यमिक शाळेतील शिकवणीचा खर्च २००८ पासून सरकारने उचललेला आहे. २०१८ पासून माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग अनुदान ठरले, जरी ते शाळेच्या खात्यात उशिरा आणि तुटपुंजे पोचत असल्याची तक्रार मुख्याध्यापक नेहमीच करतात. मग बाहेरच्या संस्थेची गरजच काय, असा प्रश्न देणगीदार विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मुख्यतः अंतरात दडलेले आहे. मसाई कुटुंबे एंकांगमध्ये, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत शेणामातीने लिंपलेली घरे आणि मधोमध गुरांची जागा अशा वस्तीत राहतात. एका एंकांगपासून दुसरी दूर, आणि माध्यमिक शाळा त्याहून दूर. रोज जाऊन-येऊन शिकण्याची सवलत अशा मुलीच्या उपयोगाची नसते, कारण तिला वसतिगृहाची शाळा लागते, आणि वसतिगृह मोफत नाही. मंत्रालयाने ठरवून दिलेल्या दरांप्रमाणे अशा शाळांत पालकांनी भरायची वार्षिक रक्कम शाळेच्या प्रकारानुसार ४०,५३५ किंवा ५३,५५४ शिलिंग असे. यात सामानाची यादी धरलेली नसते. कुलूप असलेली पत्र्याची पेटी, गादी, ब्लँकेट, गणवेशाचे दोन जोड, काळे बूट, बादली, साबण, सॅनिटरी पॅड अशी ती यादी असते, आणि तीतली एखादी वस्तू नसली तर प्रवेशाच्या दिवशी मुलीला फाटकावर थांबावे लागते. सरकारी शाळांतील मुलींना पॅड मोफत द्यावेत असा कायदा २०१७ मध्ये झाला. तरी पुरवठ्याचा भरवसा नसल्याने संस्था ते स्वतःच्या अंदाजपत्रकात धरून चालते. सत्राच्या मध्यावर बर्सर, म्हणजे शाळेचे हिशेब पाहणारा अधिकारी, थकबाकीदारांची यादी वाचतो आणि त्या मुलींना पैसे आणण्यासाठी घरी पाठवले जाते. घरी गेलेली मुलगी परत येईलच असे नसते. त्यामुळे फी पूर्ण भरण्याइतकेच ती सत्राच्या पहिल्या आठवड्यात भरणे महत्त्वाचे ठरते, आणि उशिरा पोचलेले पूर्ण पैसे काही वेळा वेळेवर पोचलेल्या निम्म्या पैशांइतकेही कामी येत नाहीत.

शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि घरच्या तिजोरीवर मोठा ताण पडण्याचा काळही तोच असतो. दक्षिण केनियात पाऊस वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे या काळात लांबचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आखूड. आखूड पाऊस फसला की जानेवारीत गुरे हडकलेली असतात, सगळेच एकदम विकायला निघतात आणि बाजारात गाईची किंमत कोसळते. २०२० च्या अखेरीपासून सलग पाच हंगाम पाऊस फसला तेव्हा कळपच्या कळप मेले, आणि ज्या वडिलांनी आपला वाटा उचलण्याचे मान्य केले होते त्यांच्याकडे विकण्याजोगे जनावरच उरले नाही. जवळजवळ प्रत्येक संस्थेचा असा नियम असतो की कुटुंबाने काहीतरी भार घ्यावा, मग तो प्रवासभाडे व साबणापुरता असो किंवा एका शेळीच्या किमतीचा. या नियमामागचा विचार योग्य आहे, कारण ज्या शिक्षणासाठी घराने काहीच मोजलेले नाही त्यातून मुलीला काढून घेणेही घराला सोपे जाते. दुष्काळात मात्र हाच नियम उलटतो. गुरे गमावलेल्या घराला ती परत मिळवण्याचा एक जुना मार्ग उपलब्ध असतो, तो म्हणजे मुलीच्या लग्नात वराकडून मिळणारी जनावरे. स्वाहिलीत या देण्याला महारी म्हणतात. संस्थेने साबणाच्या पैशांसाठी अडून बसावे आणि त्याच महिन्यात कुणी चार गाई देऊ कराव्यात, असा सामना झाला तर निकाल काय लागणार हे वेगळे सांगायला नको. म्हणून दुष्काळाच्या वर्षी वाटा माफ न करता पुढे ढकलावा, तो वहीत लिहून ठेवावा आणि पाऊस पडल्यावर मागावा, ही पद्धत जास्त शहाणपणाची दिसते. काही वडील तो खरोखर आणून देतात. वहीत आपले नाव राहणे त्यांना आवडत नाही.

या कामातले सर्वांत अवघड प्रकरण सुट्ट्यांचे आहे. केनियातील शाळांची तीन सत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा सुट्ट्या येतात. सगळ्यांत लांब सुट्टी वर्षअखेरीची, आणि एमुराता नावाच्या विधीचा काळही परंपरेने शाळेच्या सुट्टीशी जुळत आलेला आहे. एमुराता म्हणजे बाल्य संपून प्रौढत्व सुरू झाल्याची खूण म्हणून केलेले जननेंद्रियाचे छेदन. ते मुलांचेही होते आणि मुलींचेही, परंतु त्यानंतर दोघांच्या वाटा फार वेगळ्या होतात. मुलगा त्या विधीनंतर ओल्मुरानी, म्हणजे तरुण योद्धा होतो आणि आपल्या वयोगटातील सोबत्यांबरोबर काही वर्षे लग्नाविना काढतो; मुलीच्या बाबतीत मात्र विधी आणि विवाह यांच्यामध्ये असा कोणताही टप्पा समाजाने ठेवलेला नाही, ती एका हंगामात मुलीची बाई होते. मुलांच्या शिक्षणाला समाजाच्याच रचनेत मोकळी वर्षे सापडतात आणि मुलींना ती सापडत नाहीत, ही विषमता ध्यानात घेतल्याशिवाय या प्रश्नाचे स्वरूप कळत नाही. संस्था जे विकत घेते ते म्हटले तर ही मोकळी वर्षेच होत.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. स्त्रियांच्या जननेंद्रियछेदनावर केनियात २०११ च्या स्वतंत्र कायद्याने संपूर्ण बंदी आहे, आणि २०१४ च्या विवाह कायद्याने लग्नाचे किमान वय १८ ठरवले आहे. टांझानियात १९७१ च्या विवाह कायद्यात मुलीचे लग्न पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी लावण्याची मुभा होती. ती घटनाबाह्य असल्याचा २०१६ चा उच्च न्यायालयाचा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केला. २०१४ च्या केनियातील राष्ट्रीय लोकसंख्या-आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २१ टक्के स्त्रियांचे छेदन झालेले आढळले, तर मसाई स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ७८ टक्के होते. कायद्यामुळे भीती निर्माण झाली हे खरे, पण भीतीमुळे प्रथा काही ठिकाणी सुटली आणि काही ठिकाणी लपली: विधी समारंभाविना, कमी वयात, रात्रीच्या वेळी किंवा सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडे उरकला जाऊ लागला. पूर्वी गाणी आणि पाहुण्यांमुळे गावभर कळणारी गोष्ट आता मुख्याध्यापिकेला जानेवारीत, मुलगी परत आली नाही म्हणून कळते.

त्यामुळे अनुभवी संस्था आपल्या खर्चाचा मोठा भाग शाळा बंद असतानाच्या काळाकडे वळवतात. सुट्टीतले शिकवणी वर्ग, शाळेतच राहू देण्यासाठी स्वयंपाकी आणि पहारेकरी यांचा पगार, घरी गेलेल्या मुलींना भेटायला जाणाऱ्या कार्यकर्तीच्या मोटारसायकलचे पेट्रोल, असे ते खर्च असतात. आणि देणगी मागताना हेच खर्च सांगायला सर्वांत कठीण जातात. गणवेशासाठी पैसे देणारा माणूस पेट्रोलसाठी देत नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बंद झालेल्या शाळा बहुतेक इयत्तांसाठी थेट जानेवारी २०२१ मध्ये उघडल्या; मधल्या काळात फी भरण्याचे काम उरलेच नव्हते, आणि तरीही संस्थांच्या दृष्टीने तो सर्वांत धावपळीचा काळ होता, कारण ती जवळजवळ नऊ-दहा महिन्यांची सुट्टीच होती.

सुट्टीतल्या धोक्यावर तीन प्रकारचे उपाय मसाई समाजातूनच पुढे आले आहेत. एक उपाय आसऱ्याचा. काजियादो येथील एआयसी मुलींची शाळा मुख्याध्यापिका प्रिसिला नांगुराई यांच्या काळात लग्नातून पळून आलेल्या मुलींचे आश्रयस्थान म्हणून ओळखली गेली, आणि नारोकमध्ये अ‍ॅग्नेस पारेयो यांनी २००२ मध्ये तासारू नतोमोनोक हे केंद्र उभे केले. दुसरा उपाय पर्यायी विधीचा, ज्यात मुलीला प्रौढत्वाचे शिक्षण, आशीर्वाद आणि समारंभ हे सर्व मिळते, फक्त छेदन वगळले जाते. अम्रेफ या आरोग्यसंस्थेने काजियादोमध्ये २००९ पासून असे समारंभ घडवून आणले. तिसरा उपाय पालकांच्या वचनाचा: याच सुमारास नारोकमधील एनूसाएन गावी ककेन्या न्ताइया यांनी सुरू केलेल्या निवासी शाळेत मुलीचे छेदन करणार नाही आणि तिचे लवकर लग्न लावणार नाही, असे वचन पालकांकडून प्रवेशाच्या वेळीच घेतले जाते. हे तिन्ही मार्ग पाहता बाहेरच्या छोट्या संस्थेला तिसऱ्यापासून शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे असे म्हणावे लागते. आसरा ही आणीबाणीतली गरज आहे आणि ती असलीच पाहिजे, परंतु आसऱ्याला आलेली मुलगी वडिलांपासून, आजीपासून, आपल्या माणसांपासून तुटते, आणि ते नाते पुन्हा जोडायला तासारूसारख्या केंद्रांनाही समेटाच्या बैठकांवर वर्षे घालवावी लागतात. परदेशी संस्थेने सुटकेच्या गोष्टीच्या मोहात पडू नये. तिच्याजवळ ना पोलीस असतात ना वडीलधारे. मुलीवर खरोखर संकट आले तर चीफ, म्हणजे सरकारने नेमलेला गावपातळीवरचा अधिकारी, आणि बालकल्याण अधिकारी यांच्याकडे जाण्यावाचून संस्थेला गत्यंतर नसते.

वडिलांविषयी बाहेर जे लिहिले जाते ते बहुधा एकसुरी असते, आणि त्यांच्या जमिनीचे काय झाले हे त्यात नसते. मसाईंची जमीन १९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी आक्रसून टाकली. स्वातंत्र्यानंतर १९६८ च्या कायद्याने उरलेल्या चराऊ रानांचे ग्रुप रँच, म्हणजे नोंदलेल्या सभासदांच्या सामाईक मालकीचे पट्टे झाले. आणि पुढे काजियादोमध्ये त्या पट्ट्यांचे तुकडे पाडून एकेकाच्या नावावर करण्यात आले. नैरोबीच्या कडेला कितेंगेला, किसेरियन या बाजूंना असे कितीतरी तुकडे विकले गेले आणि तिथे आज घरे उभी आहेत. ज्याच्या आजोबाला हवी तितकी गुरे हवी तिथे नेता येत होती त्या माणसाला आता कुंपण लागते, आणि चार मुलांत वाटण्याजोगे फारसे काही नाही हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. शिक्षणाचे महत्त्व त्याला पटवून द्यावे लागते ही समजूत त्यामुळे जुनी झाली आहे. त्याचा प्रश्न वेगळा असतो: शिकलेली मुलगी लग्नानंतर परक्या घरची होणार, मग तिच्या फीसाठी गाय का विकावी? या प्रश्नाला व्याख्यानांनी उत्तर मिळत नाही. परिचारिका किंवा शिक्षिका झालेली शेजारच्या एंकांगमधली मुलगी आईवडिलांना दर महिन्याला मोबाइलवरून पैसे पाठवते, त्या पैशांतून तिच्या धाकट्या भावाची फी भरली जाते, आणि तिच्या लग्नाच्या वेळी मागितलेल्या गाईंची संख्याही कमी होत नाही, हे पाहिल्यावर तो आपणहून बोलायला येतो. आया यापूर्वीच ठाम झालेल्या असतात. मसाई घरात दुधाची व्यवस्था बायकांच्या हाती असते, आणि दूध व मण्यांचे दागिने विकून साठवलेल्या पैशांतून मुलीचे बसभाडे निघते. वडिलांच्या वाट्याची वही वेगळी आणि आईचा हा न लिहिलेला हिशेब वेगळा.

मुलींची निवड हे कटकटीचे काम आहे, त्यावर फार लिहावे असे नाही. मतदारसंघ विकास निधीतून आणि काउंटीकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या वशिल्याने वाटल्या जातात अशी ओरड असते, आणि परदेशी संस्थेच्या यादीवरही तसाच संशय घेतला जातो. यादी स्थानिक शिक्षक, एक-दोन वडीलधारे आणि मुख्यतः गावातल्या बायका यांच्या समितीने करावी आणि विश्वस्तांनी त्यात नावे घुसडू नयेत, एवढे पाळले तरी पुरे होते.

शिक्षणपद्धतीतल्या बदलाने मात्र सगळी जुनी गणिते मोडली आहेत. १९८५ पासून केनियात आठ वर्षे प्राथमिक, चार वर्षे माध्यमिक आणि चार वर्षे विद्यापीठ अशी रचना होती. आठवीची परीक्षा झाली की साधारण चौदाव्या वर्षी मुलगी वसतिगृहाच्या शाळेत जाई आणि संस्थेचे खरे काम तिथून सुरू होई. नव्या रचनेत सातवी ते नववीची कनिष्ठ माध्यमिक शाळा आली आणि २०२३ पासून तिचे वर्ग गावच्या प्राथमिक शाळेच्या आवारातच भरू लागले, तर दहावी ते बारावीच्या वरिष्ठ शाळेची पहिली तुकडी २०२६ मध्ये आत गेली. वरवर पाहता हे पालकांच्या सोयीचे आणि कमी खर्चाचे आहे. मसाई मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की बारा ते पंधरा ही जी तीन वर्षे तिला सर्वांत जास्त जपायला हवीत, ती आता तिने घरी राहून, अंधारात पायपीट करून आणि विज्ञानाचा शिक्षक नसलेल्या वर्गात काढायची आहेत. फी वाचली आणि धोका वाढला. संस्थांनी आपला पैसा आता तीन वर्षे आधीच, शाळेजवळच्या लहान वसतिगृहांकडे आणि सोलर दिव्यांखालच्या संध्याकाळच्या अभ्यासाकडे न्यायला हवा, असे या घडामोडींवरून वाटते. पण देणगीदारांना दिलेल्या पत्रकांत अजून जुन्याच रचनेतले ‘एका मुलीची चार वर्षे’ हे वाक्य छापलेले असते.

पैशाची बाजू याहून रुक्ष आहे, तरीही संस्था बुडतात त्या तिथेच. मुलीला एकदा घेतले की बांधिलकी अनेक वर्षांची असते, आणि देणगीदाराची प्रतिज्ञा बहुधा एका वर्षाची. प्रत्येक चालू मुलीचे किमान पुढचे वर्षभराचे पैसे बँकेत असल्याशिवाय नवीन मुलगी घेऊ नये हा नियम कागदावर कोरडा दिसतो, आणि दारात उभी असलेली हुशार मुलगी पाहून तो मोडण्याची इच्छा प्रत्येक विश्वस्ताला होते; तो मोडल्यास भुर्दंड आधीच्या मुलींपैकी कुणाला तरी तिसऱ्या वर्षी बसतो. त्यात चलनाचे चढउतार आहेत. जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मिळत होते, त्याच वर्षाच्या मध्याला ते १३० च्या आसपास आले, म्हणजे देणगी तेवढीच राहूनही शाळेत पोचणारी रक्कम जवळजवळ एक पंचमांशाने घटली. २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल पैसेसेवेमुळे आता फी थेट शाळेच्या क्रमांकावर भरता येते आणि पावती त्याच क्षणी मिळते. नातेवाइकांच्या हाती रोख देण्याची जुनी पद्धत, आणि तिच्यातून होणारे रुसवेफुगवे, यामुळे पुष्कळ कमी झाले.

मसाई माराच्या सहलीवरून परतलेल्या मराठी प्रवाशांपैकी काहींना या कामाला हातभार लावावासा वाटतो, म्हणून एक तांत्रिक बाब नोंदवायला हवी. निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तीत देणगीही बसते; मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या अशा देणगीवर करसवलत मिळत नाही. भारतातील धर्मादाय विश्वस्त संस्थेने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले तर आयकर कायद्यानुसार त्या रकमेवरची सूट, विशेष मान्यता नसल्यास, जाते. त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकात या कामासाठी वेगळा ट्रस्ट काढण्यात अर्थ नाही; केनियात नोंदलेल्या संस्थेला व्यक्तिशः मदत करणे हाच सरळ मार्ग आहे.

देणगीदारांना छायाचित्रे हवी असतात, आणि मण्यांच्या हारांतली हसरी मुलगी हे छायाचित्र इतके विकले जाते की शाळेच्या गणवेशातील मुलींनाही पत्रकासाठी दागिने घालायला सांगितल्याची उदाहरणे घडतात. मुलीच्या अंगावर काय झाले किंवा काय होता होता टळले, याची हकिकत तिच्या नावासह छापणे हा तर उघड अन्याय आहे, कारण पंचवीस वर्षांची झाल्यावर तीच मुलगी आपले नाव मोबाइलवर शोधणार आहे, आणि तिच्या सासरची माणसेही शोधणार आहेत. नाव व चेहरा न देता पैसे कमी जमतात हे खरे. तेवढे कमी पैसे हा अशा संस्थेचा नेहमीचा खर्च समजावा.

बारावीपर्यंत पोचलेल्या सगळ्याच मुली परिचारिका वा शिक्षिका होत नाहीत. कुणी मध्येच गरोदर राहते, आणि केनियाच्या शिक्षणधोरणाप्रमाणे तिला परत शाळेत येण्याचा हक्क असूनही बाळ सांभाळायला कुणी नसल्याने येत नाही. कुणाचे गुण कमी पडतात आणि ती शिवणकाम शिकते, कुणी लग्न करते पण विसाव्या वर्षी आणि स्वतः निवडलेल्या माणसाशी. वार्षिक अहवालात या शेवटच्या मुलीसाठी रकाना नसतो. तो असावा, कारण सहा वर्षे लांबलेले लग्न ही या कामाची फलश्रुती पदवीइतकीच खरी आहे, आणि तिच्या मुलींच्या वेळी तिच्या शब्दाला घरात जे वजन येईल ते कुठल्याही शिष्यवृत्तीने आणता येणार नाही.

या संस्था चालवणारी माणसे म्हातारी होतात. पुढची पिढी विश्वस्त व्हायला तयार नसते, आणि मग प्रश्न येतो तो बंद कसे करायचे याचा. सातवीतल्या मुलीला घेतले तर ती शाळेतून बाहेर पडेपर्यंत सहा वर्षे जातात, पुढे परिचर्या किंवा अध्यापनाचा अभ्यासक्रम करायचा तर आणखी तीन. म्हणजे दार मिटण्याच्या दिवसापासून नऊ वर्षे मागे मोजून शेवटची तुकडी ठरवावी लागते, त्यानंतर नव्या मुलींना नाही म्हणत राहावे लागते, आणि हे सर्व देणग्या अजून येत असताना करावे लागते. ज्यांनी ते केले त्यांच्या शेवटच्या वर्षांत बैठका लहान होत गेल्या, बँकेतली शिल्लक अभ्यासक्रमाच्या उरलेल्या सत्रांशी जुळवली गेली, आणि संस्थेच्या घटनेतल्या विसर्जनाच्या कलमाप्रमाणे जे थोडे उरले ते त्याच भागात काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यावर वर्ग करण्यात आले.